बसता न येणारे दुखणे : ओटीपोटाच्या तळातील नसेची वेदना आणि शस्त्रक्रियेविना उपचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी, शरीराच्या ज्या भागाचे नाव चारचौघांत उच्चारले जात नाही त्या भागाच्या दुखण्यावर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. डोळ्यांची, मधुमेहाची, रक्तदाबाची शिबिरे आपल्या समाजात नित्य भरतात. बसण्याच्या जागेच्या दुखण्याचे शिबिर मात्र कोणी भरवीत नाही. आणि भरविले, तरी नाव नोंदवायला कोण येणार? नेमक्या याच संकोचामुळे हा विषय येथे घेतला आहे.

एखादे गृहस्थ प्रवचनाला येतात, पण सर्वांत मागे भिंतीशी उभे राहतात. पंगतीला बसत नाहीत. उभ्यानेच दोन घास घेऊन निघून जातात. दुकानात गादीवर बसायचे सोडून दिवसभर येरझारा घालतात. लोक म्हणतात, शेठजींना हल्ली कोठे स्थिरता नाही. एखादी भगिनी बीडहून पुण्याला मुलीकडे जाणे दर वेळी काही ना काही कारण काढून टाळते. सहा तास बसायचे आहे, हे खरे कारण ती सांगत नाही. विचारलेच तर ‘कंबर धरते’ एवढेच उत्तर मिळते. दुखते ते कंबरेत नाही. दुखते ते गुदद्वार, सीवन आणि जननेंद्रिय यांच्या पट्ट्यात. जळजळ, टोचणी, विजेचा झटका, आत काहीतरी अडकल्याची जाणीव अशा नाना रूपांनी. उभे राहिले की कमी होते, आडवे झाले की आणखी कमी होते, आणि बसले की पुन्हा सुरू. वैद्यकशास्त्र सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अशा वेदनेला जुनाट म्हणते. पण आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांसमोर खरे बोलेपर्यंतच कित्येकदा दोन-तीन वर्षे उलटलेली असतात.

हा विषय बीड जिल्ह्यात बोलण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या सर्वांच्या जिव्हारी लागणारे आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागांत दुकान असलेल्या कोणालाही हा हंगाम ठाऊक आहे. उचल मिळाली की बाजारात कापड खपते आणि गाडी निघाली की बाजार ओस पडतो. त्या कापडाच्या मापात आपण गुंतलेले असताना २०१९ साली वर्तमानपत्रांतून बातमी आली, की या ऊसतोड भगिनींपैकी असंख्य जणींची गर्भाशये काढून टाकलेली आहेत. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत संपूर्ण देशात १५ ते ४९ वयोगटातील महिलांत हेच प्रमाण शंभरामागे तीनच्या आसपास होते.

या भगिनी डॉक्टरांकडे कशासाठी गेल्या होत्या? ओटीपोटात दुखते, कंबर भरून येते, अंगावरून पांढरे जाते, पाळी अनियमित आहे, अशा तक्रारी घेऊन. फडात शौचालय नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. पाळीच्या दिवसांतही सुटी नाही, कारण खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार. इतक्या कारणांनी दुखणाऱ्या शरीराला ‘पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले. विशी-तिशीतल्या स्त्रियाही त्यात होत्या. शस्त्रक्रियेनंतर काहींचे दुखणे राहिले ते राहिलेच, वर सांधे धरणे, अंगातून वाफा येणे आणि अकाली म्हातारपण नशिबी आले. अंडाशयेही काढली तर पाळी तत्काळ कायमची जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ती ठेवली तरी काही जणींत ती लवकर थकतात.

या प्रत्येकीचे दुखणे नसेचे होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. कोणाला जंतुसंसर्ग असेल, कोणाला रक्तक्षय, कोणाला स्नायूंचा ताण. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते, की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ आठ होत्या. त्यांतील बहुतेक आजार औषधाने बरे होण्याजोगे होते. मुद्दा असा, की ज्या जागी दुखते त्याच जागेचा अवयव दोषी आहे, हे गृहीतच मुळात तपासून पाहिले पाहिजे.

कापडाचा व्यवहार करणाऱ्यांना हे पटकन उमजेल. ताग्यातला एक धागा कोठे तरी खेचला गेला, की चुणी हातभर अंतरावर पडते. चुणी दिसते तेथे कात्री चालविली, तर तागा वाया जातो आणि ओढलेला धागा तसाच राहतो.

आता हा धागा कोणता ते पाहू. पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या भागातून, त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या छिद्रांतून येणाऱ्या तंतूंची मिळून एक नस तयार होते. तिला प्युडेंडल नस म्हणतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. ही नस नितंबातून उतरताना दोन बळकट अस्थिबंधांच्या बेचक्यातून जाते आणि मग एका अरुंद बोगद्यातून पुढे सरकते. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने १८३६ साली या बोगद्याचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे या नसेच्या तीन शाखा होतात: एक गुदद्वाराकडे, एक सीवनीकडे, एक जननेंद्रियाकडे. मल-मूत्राचा अवरोध करणाऱ्या स्नायूंचे नियंत्रणही हीच नस करते. एवढी महत्त्वाची नस, आणि आपण दिवसाचे दहा-दहा तास तिच्या वाटेवर बसून असतो! सायकलपटूंमध्ये हा विकार फ्रान्समधील डॉक्टरांनी १९८७ साली वर्णिला, तो यामुळेच. आपल्याकडे सायकलीची जागा गादीने, मोटारसायकलीने आणि संगणकासमोरच्या खुर्चीने घेतली आहे. अवघड बाळंतपण, त्या भागातील आधीची शस्त्रक्रिया, ढुंगणावर जोरात पडणे, वर्षानुवर्षे शौचाला कुंथणे ही आणखी कारणे.

नसेच्या भोवती स्नायूंची एक झोळी आहे. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ती ताणून बांधलेली असते आणि मूत्राशय, गर्भाशय, आतडे यांना खालून तोलून धरते. भीती, काळजी, थंडी किंवा लघवी दाबून धरण्याची सवय यांमुळे ही झोळी मुठीसारखी आवळली जाते. कायम आवळलेली मूठ जशी ठणकू लागते, तशीच ही झोळीही ठणकते आणि तिच्यातून जाणाऱ्या नसेला चिमटा बसतो. वेदनेने माणूस आणखी आवळतो, आवळल्याने वेदना वाढते.

दुखणे दीर्घकाळ टिकले की तिसरी गोष्ट घडते. मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचा हिशेब चालूच ठेवतात; फिटलेल्या देण्याची नोंद वहीतून खोडलीच जात नाही, तसे. मग सुती कपड्याचा स्पर्शही झोंबू लागतो. अशा रुग्णाला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणणे हा अज्ञानाचा कळस होय. वेदना खरी असते. एक्स-रे वा सोनोग्राफीत नस कण्हताना दिसत नाही, एवढेच.

निदान कसे करतात? फ्रान्समधील नान्त शहरातील तज्ज्ञांनी २००८ साली पाच निकष प्रसिद्ध केले आणि ते जगभर वापरले जातात. वेदना या नसेच्याच क्षेत्रात असावी, बसल्याने वाढावी, वेदनेने रात्री झोपेतून जाग येऊ नये, तपासताना त्वचेला बधिरपणा आढळू नये, आणि नसेजवळ भूल दिल्यावर वेदना तात्पुरती थांबावी. यातील पहिली तीन उत्तरे तर रुग्णच देऊ शकतो. आणखी एक मजेशीर खूण आहे: असा रुग्ण कमोडवर बसला की त्याला बरे वाटते, कारण तेथे मधल्या भागावर भार नसतो.

पुरुषांची कथा निराळी, पण फसगत तीच. ओटीपोटाखाली दुखते, लघवीला जळजळ होते, की प्रोस्टेटला सूज असल्याचे निदान होते आणि प्रतिजैविकांचे कोर्स एकामागून एक सुरू होतात. वास्तविक अशा जुनाट तक्रारींपैकी दहापैकी नऊ पुरुषांत जंतू सापडतच नाहीत. दुसरीकडे मूळव्याध समजून शस्त्रक्रिया होते, मूळव्याध जाते आणि दुखणे राहते. भीतीपोटी काही जण कोणालाच दाखवीत नाहीत आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचून गुप्तरोगाच्या वैदूकडे जातात. तेथे काय होते हे सांगण्याची गरज नाही.

आता उपचार. पहिला उपचार फुकट आहे आणि म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही: बसणे कमी करणे. वीस मिनिटे झाली की उठावे, दोन मिनिटे चालावे. दुकानात जमाखर्च उंच टेबलावर उभ्याने लिहावा. बसणे अपरिहार्य असेल तेथे बैठकीच्या मध्यभागी पोकळी ठेवावी. जाड टॉवेलच्या दोन लांबट घड्या करून मध्ये चार बोटे अंतर ठेवले आणि नितंबांची हाडे त्या घड्यांवर टेकविली, की नसेवरचा भार जातो. कापडाच्या दुकानात याला खर्च कसला? मऊ फुगीर गादी बरी वाटते, पण तिच्यात शरीर खचते आणि मधला भाग अधिकच दाबला जातो. मोटारसायकल काही महिने सोडावी. आपल्या रस्त्यांचे हादरे निरोगी नसेलाही सोसत नाहीत.

दुसरे, पोट. कुंथणे थांबल्याशिवाय ही नस सुटत नाही. भरपूर पाणी, भाज्या, इसबगोल. कमोड असेल तर पायाखाली लहानसा पाट, म्हणजे गुडघे वर येतात. येथे आपल्या आचाराचा विचार करणे भाग आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच दिवसभराचे पाणी पुरते पिऊन घ्यावे. बहुतेक जण ते पीत नाहीत आणि दोष चौविहाराला देतात. पर्युषणात वा वर्षीतपात कोठा कडक होतो, दुखणे उसळते. चालू दुखण्यात मोठी तपश्चर्या घेण्यापूर्वी डॉक्टरांचा आणि गुरुजनांचा, दोघांचाही सल्ला घ्यावा. सामायिक दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. एवढा वेळ एकाच आसनावर बसून वेदना सोसणे म्हणजे समता, अशी अनेकांची समजूत असते. गुरुजनांना विचारून त्यातील काही वेळ उभ्याने व्यतीत करता येईल. कायोत्सर्ग तर उभ्यानेही करतातच. देह सैल सोडून त्याच्यावरचे ममत्व सोडणे हा त्याचा भाव आहे, आणि हा रुग्ण नेमके तेच विसरलेला असतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे त्या स्नायूंची झोळी सैल करणे. पाठीवर झोपावे, गुडघे दुमडावेत, एक हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट हळूच वर यावे आणि सीवनीचा भाग खाली सैल सुटतो आहे असे जाणवावे; श्वास सोडताना काहीही आवळू नये. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटे. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसल्यानेही स्नायू सैलावतात. ओटीपोटाच्या स्नायूंचे प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट आवळलेले बिंदू शोधून हाताने मोकळे करतात. स्त्रियांसाठी महिला फिजिओथेरपिस्ट असतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाळंतपणानंतर वा लघवी निसटत असल्यास स्नायू आवळण्याचे जे केगल व्यायाम सांगतात, ते या रुग्णाने स्वतःहून करू नयेत. आधीच आवळलेली मूठ त्याने आणखी घट्ट होते.

औषधांविषयी गैरसमज फार आहेत. डायक्लोफिनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत आणि महिनोन्महिने घेतल्यास मूत्रपिंडाला इजा करतात. डॉक्टर बहुधा अमिट्रिप्टिलिन अल्प मात्रेत रात्री देतात, किंवा ड्युलोक्सेटिन, प्रेगॅबालिन, गॅबापेन्टिन. घरातील सुशिक्षित मुलगा अमिट्रिप्टिलिनची माहिती वाचतो, ‘नैराश्यावरील औषध’ असे दिसते आणि गोळी बंद होते. हे औषध मूळ त्यासाठीच आले, हे खरे. पण अल्प मात्रेत ते नसेची वेदना शमविते. त्याने तोंड कोरडे पडते, गुंगी येते, कोठा जड होतो; प्रोस्टेट वाढलेल्या वा हृदयविकार असलेल्या वृद्धांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. सगळीच औषधे सर्वांना लागू पडतात असेही नाही. ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कारण न सापडलेल्या जुनाट ओटीपोटदुखीवर गॅबापेन्टिन हे नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस ठरले नाही, गुंगी मात्र अधिक आली. म्हणून ठराविक मुदतीत गुण नसेल तर औषध बदलावे, वाढवीत जाऊ नये. आणि एकाएकी बंदही करू नये.

एवढ्याने भागले नाही तर वेदनातज्ज्ञ सोनोग्राफीच्या वा स्कॅनच्या साहाय्याने नसेजवळ भुलीचे इंजेक्शन देतात. त्याने निदानही पक्के होते आणि काहींना आठवडे-महिने आराम पडतो. ही सोय मुख्यतः पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आहे. त्याआधीच्या तपासणीसाठी मात्र इतके लांब जाण्याचे कारण नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

नस मोकळी करण्याची शस्त्रक्रियाही आहे, आणि ती निरुपयोगी आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००५ साली नान्तच्याच शल्यविशारदांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी अधिक जणांना वर्षभरानंतर आराम होता. परंतु त्या चाचणीत रुग्ण होते अवघे ३२, आणि तेही कसून पारखून घेतलेले. सर्व उपाय करून थकल्यानंतरची ती पायरी आहे. त्याचप्रमाणे कर्करोग, आटोक्यात न येणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा कारणांनी गर्भाशय काढणे योग्यही असते. आक्षेप घाईला आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना तीन महिन्यांत त्या अमलात आणण्याचा आदेश दिला. बीड जिल्ह्यात तर २०१९ च्या प्रकरणानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. हे आपल्या दुकानांत काम करणाऱ्या, आपल्या घरी भांडी घासणाऱ्या भगिनींना माहीत आहे काय? त्यांना कोणी सांगितले आहे काय? कोणी पिशवी काढायला सांगितली, तर रोगाचे नाव काय, सोनोग्राफीत व गर्भाशयमुखाच्या तपासणीत काय दिसले, औषधाने काय साधेल आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेईपर्यंत थांबले तर काय बिघडेल, एवढे चार प्रश्न त्यांच्या वतीने आपण विचारू शकतो.

काही लक्षणांत मात्र क्षणभरही थांबू नये. जांघा व बसण्याची जागा एकाएकी बधिर होणे, लघवी अडकणे वा नकळत होणे, पायांतील शक्ती जाणे हे पाठीच्या कण्यातील तातडीचे संकट असते. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप, शौचातून वा लघवीतून रक्त, वजन घटणे, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव, वेदनेने रात्री जाग येणे, यांना नसेचे दुखणे समजून घरी उपाय करीत बसू नये.

सर्व पथ्य सांभाळूनही सुधारणा महिन्यांनी मोजावी लागते, दिवसांनी नव्हे. एका कागदावर रोज किती मिनिटे बसता आले ते लिहावे. पंधराची वीस, विसाची तीस होत जातात, आणि डॉक्टरांनाही त्या कागदाचा उपयोग होतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या गर्दीत बसणे वाढते, जेवणाच्या वेळा चुकतात, काळजी वाढते आणि गेलेले दुखणे परत येते. तेव्हा घाबरून नवा डॉक्टर शोधण्याऐवजी पुन्हा पहिल्या आठवड्याचा क्रम लावावा: टॉवेलच्या दोन घड्या, दर वीस मिनिटांनी उठणे, कोमट पाणी आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटांचा सैल श्वास.